थॅलेसेमिया : एका पेशीपर्यंत पोचलेला शोध

“डॉक्टर, जन्मलं तेव्हा बाळ चांगलं गुटगुटीत होतं. मग सहा महिन्यांत एवढं पांढरंफटक कसं पडलं?” थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. आमचं काही चुकलं का, ही शंकाही त्यामागे असते. तुमचं काही चुकलेलं नसतं. या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायला विज्ञानाला बरीच वर्षं लागली, आणि त्या शोधाचा आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याशी जवळचा संबंध आहे.

1947 च्या फाळणीनंतर हजारो सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये आली. 1949 मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. घरदार मागे राहिलं, पण पूर्वजांकडून आलेली जनुकं बरोबर आली. त्यात काही जणांच्या रक्तात बीटा थॅलेसेमियाचं जनुकही होतं. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकून राहिलं, कारण एकच सदोष प्रत असणाऱ्या माणसाला गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत असे. त्यामुळे यात कुणाला कमीपणा वाटण्याचं कारण नाही. शिवाय हा दोष फक्त सिंधी समाजात नाही. पंजाबी, गुजराती, कच्छी आणि मराठी कुटुंबांतही तो आढळतो.

1925 मध्ये अमेरिकेत डॉ. थॉमस कूली आणि डॉ. पर्ल ली यांनी या आजाराची मुलं प्रथम नोंदवली. रक्त कमी, प्लीहा वाढलेली, चेहऱ्याची हाडं रुंद. लक्षणं दिसत होती, कारण कळत नव्हतं.

1957 मध्ये जर्मनीत क्लायहाउअर, ब्राउन आणि बेटके यांनी एक साधी युक्ती शोधली. काचपट्टीवर रक्त पसरून त्यावर सौम्य आम्ल टाकायचं. प्रौढ हिमोग्लोबिन निघून जातं, गर्भातलं हिमोग्लोबिन टिकतं. मग रंग दिला की एक पेशी गुलाबी दिसते आणि शेजारची फिकट, सावलीसारखी. कोणत्या पेशीत कोणतं हिमोग्लोबिन बनलं होतं, हे आता पेशीगणिक दिसू लागलं.

बाळ जन्मतः ठणठणीत का, याचं उत्तर इथेच आहे. गर्भात गॅमा नावाचं जनुक काम करतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळपास बंद होतं आणि बीटा जनुकाला काम सांभाळावं लागतं. बीटा सदोष असेल, तर तेव्हाच आजार उघडा पडतो.

1979 मध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी भारतीय वंशाच्या रुग्णांमध्ये बीटा जनुकाचा एक तुकडाच गळालेला असल्याचं दाखवलं. हा 619 अक्षरांचा तुकडा. सिंधी आणि गुजराती समाजांत हा दोष विशेष आढळतो. पुढे 2008 मध्ये ऑर्किन यांच्याच प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी गॅमा जनुक बंद ठेवणारा घटक ओळखला. त्याचं नाव बीसीएल11ए.

2009 मध्ये केंब्रिजच्या अझीम सुरानी यांच्या गटाने उंदराच्या एकाच पेशीत कोणकोणती जनुकं चालू आहेत, ते वाचून दाखवलं. एकाच पेशीचा एवढा खटाटोप कशाला? सकाळच्या बदलापूर लोकलमधल्या प्रवाशांचं सरासरी वय तीस निघालं, तरी डब्यात कॉलेजची मुलं किती आणि आजी-आजोबा किती, हे कळत नाही. रक्ताचंही तसंच. गर्भातलं हिमोग्लोबिन 20 टक्के आलं, तर ते प्रत्येक पेशीत थोडं थोडं आहे, की काही पेशींत भरपूर आणि बाकीच्यांत जवळपास नाहीच? सगळ्या पेशींत थोडं असेल, तर सगळ्यांनाच थोडा आधार मिळतो. एकेक पेशी तपासल्याशिवाय हा फरक कळत नाही.

याच वाटेने उपचारही आला. रुग्णाच्या मूळ पेशींमध्ये जनुक-कात्री वापरून बीसीएल11एचं काम रक्तपेशींपुरतं थांबवायचं, म्हणजे गॅमा पुन्हा चालू होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. आपल्याकडच्या सामान्य कुटुंबाला तो आज परवडणारा नाही. मेजर मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त आणि शरीरात साठणारं लोह काढणारी औषधं, किंवा जुळणारा दाता मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपण, हाच आजचा मार्ग.

म्हणून तुमच्या हातात काय आहे, ते सांगतो. आईवडील दोघेही थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर असण्याची शक्यता 25 टक्के असते. मायनर व्यक्ती एरवी तंदुरुस्त असते. सीबीसीमध्ये एमसीव्ही कमी दिसतो, आणि मग कित्येकांना उगीचच महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. अशा वेळी डॉक्टरांना एचबी ए2 ची तपासणी, म्हणजे एचपीएलसी, करायची का ते विचारा. लग्न ठरण्याआधी केली तर उत्तम, नाहीतर गरोदरपणाच्या सुरुवातीला नक्की करा. दोघेही मायनर निघालात, तरी घाबरून जाऊ नका. दहा ते बारा आठवड्यांदरम्यान वारेचा अंश तपासून बाळाचं निदान होऊ शकतं. मात्र त्यासाठी वेळेत यायला हवं.

पत्रिका जुळवता, तशी ही एक तपासणीही जुळवून बघा.