लघुमूर्तींचे रंगकाम : साहित्य, क्रम आणि खबरदारी

करंगळीच्या निम्म्या उंचीचा सैनिक, त्याच्या हातातील काडीएवढा भाला आणि चेहऱ्यावर मोहरीहूनही लहान डोळे. मेजावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतील व कथाखेळांतील या लघुमूर्ती बहुधा २८ ते ३२ मिलिमीटर उंचीच्या असतात. त्या बिनरंगी विकल्या जातात आणि रंगविण्याचे काम खेळाडू स्वतः करतो. या छंदाकडे वळणाऱ्यांना साहित्य, कामाचा क्रम आणि धोके एकत्र समजावेत, यासाठी ही माहिती.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे शिशाचे सैनिक बाजारात आणले आणि खेळण्यातील पलटणी स्वस्त झाल्या. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा सैनिकांनी खेळण्याचे नियम मांडले. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ हे खेळ आले. त्यानंतर लघुमूर्ती रंगविणे हा स्वतंत्र छंदच झाला. आज या मूर्ती मुख्यतः प्लास्टिक, राळ अर्थात रेझिन आणि शिसेविरहित मिश्रधातूच्या असतात. त्रिमितीय छपाईमुळे त्या घरीही तयार करता येतात.

साहित्य

या कामासाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रेलिक रंग वापरतात. शालेय चित्रकलेचे पोस्टर कलर येथे उपयोगाचे नाहीत. त्यांतील रंगद्रव्याचे कण जाड असतात आणि वाळलेला रंग ओल्या बोटानेही निघतो. लघुमूर्तींसाठीच्या रंगांत कण अतिशय बारीक दळलेले असल्याने पातळ थरही पृष्ठभाग झाकतो.

कुंचले मोजकेच पुरेत : शून्य, एक व दोन क्रमांकाचे गोल आणि एक जुना, केस आखूड झालेला चपटा. फार बारीक कुंचला घेण्याचा मोह टाळावा. त्यात रंग इतका थोडा मावतो की मूर्तीपर्यंत पोहोचेतो तो टोकावर वाळतो. महत्त्व टोकाच्या अणकुचीला आहे, आकाराला नाही. खरेदी करताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. चांगला कृत्रिम केसांचा कुंचला या कामाला पुरतो.

रंग ओला ठेवण्यासाठी ओली रंगथाळी घरीच करता येते. झाकणाच्या उथळ डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा कागद अंथरावा. खालून ओल मिळत राहिल्याने रंग कित्येक तास टिकतो. मात्र दमट हवेत या स्पंजला लवकर बुरशी येते, म्हणून तो दर दोन-तीन दिवसांनी धुवावा.

कामाचा क्रम

प्रथम साच्याच्या जोडाची उंचावलेली रेघ चाकूच्या धारेने हलकेच खरवडून काढावी. ती राहिली तर पुढे प्रत्येक थरात उठून दिसते. राळेच्या व धातूच्या मूर्ती साबणाच्या कोमट पाण्याने धुवाव्यात, कारण साच्यातील तेलकट लेपावर रंग धरत नाही.

त्यानंतर अस्तर, म्हणजेच प्रायमर. फवाऱ्याचा डबा वीस ते तीस सेंटिमीटरवर धरून हात फिरता ठेवावा. काळे अस्तर खोलगट भागांत सावली देते, तर पांढऱ्यावर रंग तेजस्वी दिसतात. आधी सर्वत्र काळे मारून मग फक्त वरून पांढरा फवारा दिल्यास उजेड कोठे पडेल याचा आराखडाच मूर्तीवर उमटतो.

मूळ रंग दुधाइतका पातळ करून दोन किंवा तीन थरांत द्यावा आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. नवशिक्यांची बहुतेक कामे येथेच बिघडतात. बाटलीतला दाट रंग एकदाच लावला की नाक, ओठ, चिलखताच्या कड्या सारे बुजते आणि मूर्तिकाराची मेहनत लेपाखाली जाते.

यापुढे छाया. एवढ्या लहान वस्तूवर खऱ्या उजेडाच्या सावल्या पुरेशा पडत नाहीत, त्यामुळे त्या रंगवाव्या लागतात. अतिशय पातळ गडद रंग, ज्याला वॉश म्हणतात, तो खाचांत आपोआप उतरतो. जेथे तो साचून डबके होईल तेथून कोरड्या कुंचल्याने टिपून घ्यावा. उजळ कडांसाठी कोरडा कुंचला वापरतात : जुन्या कुंचल्यावर फिका रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पुसून टाकावा आणि मग उंचवट्यांवरून हलके फिरवावा. केस, फर, साखळ्या यांवर ही रीत उत्तम चालते. गुळगुळीत कापडावर ती खरखरीत दिसते. तेथे पातळ, क्रमाने उजळत जाणारे थर द्यावेत.

धातुरंगांतील चमकीचे कण पाण्यात उतरतात व इतर रंगांत मिसळतात, म्हणून त्यांच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा असावा. डोळे चेहऱ्याच्या बाकी कामाआधीच करावेत, म्हणजे चूक झाल्यास भोवतालच्या त्वचेच्या रंगाने ती झाकता येते. गणेशमूर्तीची आखणी करणारे चित्रकार डोळ्यांसाठी हात टेकवून, श्वास रोखून रेघ ओढतात. येथेही दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवली की हात स्थिरावतो.

शेवटी तळावर डिंकाने वाळू चिकटवून ती रंगवावी. खेळताना मूर्ती सतत हाताळली जाते, म्हणून वर मॅट वॉर्निशचा संरक्षक थर द्यावा.

पावसाळा

कोकणपट्टीतील दमट हवा फवाऱ्याची वैरीण आहे. हवेत ओल जास्त असताना फवारलेले मॅट वॉर्निश धुक्यासारखे पांढुरके पडते आणि आठवड्याचे काम मिनिटभरात झाकोळते. जून ते सप्टेंबर या काळात अस्तर व वॉर्निश दोन्ही कुंचल्यानेच लावणे शहाणपणाचे. फवारा मारायचाच असेल तर एका टाकाऊ तुकड्यावर आधी चाचणी घ्यावी.

खबरदारी

जुन्या धातूच्या मूर्तींत शिसे असू शकते. त्यांवर पांढरी भुकटी दिसल्यास ती फुंकू नये, मूर्ती कोरडी घासू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. राळ पाण्याखाली ओली घासावी आणि मास्क वापरावा, कारण तिची बारीक धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. फवारा नेहमी उघड्या हवेत मारावा. कुंचल्याचे टोक ओठांनी जुळविण्याची सवय अनेकांना असते; काही रंगद्रव्ये विषारी असल्याने ती मोडावी.

सुरुवातीस सहा-सात रंग, दोन कुंचले आणि एखाददुसरी स्वस्त मूर्ती पुरे. पहिली मूर्ती जपून ठेवावी. दहाव्या मूर्तीशेजारी ती उभी केली म्हणजे हात किती सुधारला हे कळते.