फमिलिया : एक शब्द, अनेक घरे

रशियातील बहुतेक सरकारी अर्जांवर पहिला रकाना 'फमिलिया' हा असतो. इंग्रजीच्या सवयीने तेथे कुटुंबाची माहिती लिहिली, तर अर्ज चुकलाच म्हणून समजावे. रशियन भाषेत या शब्दाचा अर्थ आहे आडनाव.

मूळ लॅटिन 'फमिलिया' हा शब्द 'फमुलुस' म्हणजे सेवक, यापासून आला. रोमन कायद्यात घरातील माणसे, मालमत्ता आणि गुलाम या साऱ्यांना तो लागू होई. ग्लॅडिएटरांच्या पथकालाही हेच नाव होते.

पीटर द ग्रेटच्या काळात हा शब्द रशियन भाषेत रुळू लागला, तो 'घराणे' या अर्थाने. कुटुंबासाठी 'सेम्या' हा शब्द आधीपासूनच होता. त्यामुळे घराण्याकडून घराण्याच्या नावाकडे त्याचा प्रवास झाला असावा. रशियातील बहुसंख्य शेतकऱ्यांना दीर्घकाळ अधिकृत आडनावच नव्हते. १८६१मध्ये भूदासप्रथा रद्द झाल्यानंतर अनेकांना ते मिळाले. गुलामांच्या समूहाला लावला जाणारा शब्द असा मुक्त झालेल्या भूदासांच्या कागदपत्रांवर आला!

शेजारच्या पोलिश भाषेत मात्र 'फमिलिया' म्हणजे कुटुंबच, तेही काहीसे जुन्या वळणाचे. अठराव्या शतकातील चार्तोरिस्की घराण्याचा राजकीय गट 'फमिलिया' याच नावाने इतिहासात नोंदला गेला आहे. सर्बियनमध्येही नातेवाइकांचा गोतावळा हाच अर्थ आहे. बल्गेरियनमध्ये आडनाव आणि कुटुंब असे दोन्ही अर्थ नांदतात.

तुर्की कुळातील भाषांत हा शब्द दोन वाटांनी शिरला. उझबेक व किरगीझ भाषांनी तो रशियनमधून, म्हणजे आडनाव याच अर्थाने घेतला. उझबेक भाषेत कुटुंबाला अरबी मूळ असलेला 'ओइला' हा शब्द आहे. तुर्कस्तानात 'फामिल्या' इटालियनमधून आला. तेथे आडनावाला 'सोयादी' म्हणतात. ते लावण्याची सक्तीच १९३४च्या कायद्याने झाली. आज 'फामिल्या' तेथे मुख्यतः वनस्पती व प्राण्यांच्या शास्त्रीय कुळासाठी वापरतात. जुन्या बोलीत मात्र त्याचा अर्थ पत्नी असाही होता. 'फॅमिली गावाला गेली आहे' असे म्हणणाऱ्या आणि त्याआधी पत्नीला 'कुटुंब' म्हणणाऱ्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये.

वैद्यकीय शिक्षणासाठी किरगिझस्तानात जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना तेथील अर्ज भरताना एक सोय आहे. आडनाव, नाव, वडिलांचे नाव हा तेथील रूढ क्रम त्यांच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरही तसाच असतो.