गोदीतला ढिगारा आणि बिलाचा प्रश्न

मंडळी, ह्या वीकेंडचा विषय जरा रुक्ष वाटेल. लष्कराने केलेली घाण साफ करायची तर पैसे कोणी द्यायचे? युद्धाच्या गोष्टी सगळे वाचतात, युद्धानंतरच्या झाडलोटीचा हिशोब कोणी वाचत नाही. माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडेही नवीन फीचरला बजेट पटकन मिळतं, जुना कचरा काढायचं नाव काढलं की मीटिंगमध्ये सगळे छताकडे बघतात. त्यामुळे ह्या विषयाशी माझी सहानुभूती जुनी आहे.

उदाहरण लांबचं नाही. आम्ही तुळिंजची माणसं नालासोपाऱ्याहून चर्चगेट लोकल पकडतो, त्यामुळे मुंबईची गोदी आपल्या वाटेत येत नाही. ती पूर्व किनाऱ्यावर, सँडहर्स्ट रोड आणि मशीद बंदरच्या बाजूला. तिथल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपं आणि वर सोन्याच्या विटा. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात! पण युद्धकाळात जहाजं कमी आणि माल जास्त, त्यामुळे "चालवून घ्या" हेच धोरण.

१४ एप्रिलला दुपारी कापसाला आग लागली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचे अंदाज ८०० ते १,३०० च्या दरम्यान आहेत आणि सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्याच आठवणीत. सेन्सॉरशिप इतकी कडक होती की इथल्या वर्तमानपत्रांना सविस्तर बातमी छापायची परवानगी मिळेपर्यंत मे महिना उजाडला.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला जास्त रस आहे तो पुढच्या सात महिन्यांत.

ढिगारा होता सुमारे पाच लाख टन. तो उपसायला ८,००० माणसं सात महिने राबली आणि गोदी पुन्हा चालू झाली. खर्चाचं काय? ब्रिटिश सरकारने दुर्घटनेची जबाबदारी घेतली. त्याच वर्षी 'बॉम्बे एक्स्प्लोजन (कॉम्पेन्सेशन) ऑर्डिनन्स' काढला गेला आणि मालमत्तेच्या नुकसानीचे दावे केलेल्यांना भरपाई मिळाली. आजच्या भाषेत, ज्याने घाण केली त्याने पैसे भरले. परक्या सरकारने, ऐन महायुद्धात!

पण फार भारावून जाऊ नका. गोदी बंद म्हणजे बर्माच्या आघाडीची रसद अडणार आणि व्यापार ठप्प. म्हणजे ज्याने खर्च केला त्यालाच त्या जागेची गरज होती. माझ्या मते सफाईच्या पैशांचं खरं गणित इथे दिसतं. जागा कामाची असेल तर सात महिन्यांत पाच लाख टन हलतात, नसेल तर फाइलसुद्धा हलत नाही.

आणि इतकं करूनही सगळं निघालं नाहीच. १९७० च्या दशकापर्यंत गाळ काढताना सोन्याच्या विटा सापडत होत्या. ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे स्फोटानंतर ६७ वर्षांनी, गोदीत एक जिवंत तोफगोळा सापडला. सोनं सापडलं की त्याला मालक मिळतो, तोफगोळ्याला कोण मिळणार?

अमेरिकेने ह्या प्रश्नावर निदान एक स्वतंत्र खातं उघडलं. कारखान्यांच्या विषारी जागांसाठी तिथे १९८० चा 'सुपरफंड' आहे, पण सरकारी मालकीच्या जागांच्या सफाईवर तो निधी खर्च करता येत नाही. म्हणून १९८० च्या दशकात संरक्षण खात्याच्या बजेटमध्येच सफाईचं वेगळं कलम आलं आणि १९८६ मध्ये ते कायद्यात बसलं. मात्र कलम असलं म्हणून रक्कम पुरते असं नाही. हवाईतल्या काहोओलावे बेटावर १९४१ पासून जवळजवळ पन्नास वर्षं बॉम्बचा सराव चालला. १९९३ मध्ये काँग्रेसने सफाईसाठी ४० कोटी डॉलर ठरवले. २००४ मध्ये नौदल काम आटोपून निघालं तेव्हा बेटाचा साधारण तीन-चतुर्थांश पृष्ठभाग साफ झाला होता, आणि चार फूट खोलीपर्यंत जेमतेम दहावा हिस्सा. आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. फिक्स्ड-बिड प्रोजेक्ट! पैसे संपले की स्कोप कापायचा आणि 'डिलिव्हर्ड' म्हणायचं.

आता आपल्याकडे या. जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. तत्त्व सरळ आहे. प्रदूषण करणारा शोधा आणि त्याच्याकडून खर्च घ्या. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य बघतील. खासगी कारखान्याच्या बाबतीत हे ठीक आहे. पण प्रदूषण करणारं स्वतः सरकारच असेल तर? डाव्या खिशातून उजव्या खिशात. अशा वेळी खिसा कुठला हे आधी ठरलेलं नसेल तर दोन्ही हात बाहेरच राहतात.

तोवर बिल भरतं कोण? २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या दारूगोळा भांडारालगत सोनेगाव आबाजी इथे, जुना दारूगोळा नष्ट करण्याचं काम चालू असताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यातले बहुतेक ठेकेदाराकडे कामाला आलेले मजूर होते, आसपासच्या गावांतले. बजेटच्या तक्त्यात नसलेला खर्च हा असा कुणाच्या तरी घरातून वसूल होतो.

संरक्षणावर खर्च नको असं माझं म्हणणं अजिबात नाही. गोळा लागतोच. पण तो विकत घेतानाच त्याला निकामी करण्याचा आणि पडला तिथली माती साफ करण्याचा खर्च त्याच ओळीत, त्याच खात्यात लिहायला हवा. चाळीस वर्षांनंतरचा खर्च आज लिहायला कोणालाच आवडत नाही, हे मी रोज ऑफिसात बघतो. फरक इतकाच की आमच्याकडे फार तर सर्व्हर बसतो.

१९४४ च्या सरकारने पैसे दिले कारण त्याला गोदी हवी होती. सोनेगावची माती कुणाला इतकी तातडीने हवी आहे? तिथे राहणाऱ्यांना. त्यांच्या बाजूने ते खातं उघडायचं काम आपलं, कर भरणाऱ्यांचं आहे.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.