मळीच्या मुलखातली दारू

स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या व्हिस्कीला धुराचा वास असतो, कारण तिथे भिजवलेली बार्ली पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, जाळून वाळवतात. अमेरिकेतल्या बर्बनला निम्म्याहून अधिक मका लागतो. शेतात जे पिकते आणि चुलीत जे जळते, त्याची चव पेल्यात उतरते. व्हिस्कीची खरी ओढ यातच आहे.

सांगलीजवळच्या माधवनगरच्या भोवती पिकतो तो ऊस. पूर्वेला, जत-आटपाडीकडे, शाळूची ज्वारी. मग या मुलखाची स्वतःची दारू का घडली नाही?

त्याचे उत्तर पिकांपेक्षा कायद्यांत अधिक सापडते. महाराष्ट्रातही एकेकाळी भाग बदलला की दारू बदले. उरणच्या पारशी भट्टीवाल्यांकडे पंचमहालातून मोहाची फुले येत आणि तिथली दारू मुंबईला जाई. कोकणात माडी होती, शेजारच्या गोव्यात काजूची फेणी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्यांची जागा सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांना दिली, कारण एका ठिकाणी कर वसूल करणे सोपे होते. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. आदिवासींच्या घरातले अन्न आणि औषध गुन्ह्याच्या कक्षेत गेले. ही त्या काळातली सर्वांत मोठी हानी म्हटली पाहिजे.

माधवनगरचा परिसर तेव्हा पटवर्धनांच्या बुधगाव (धाकटी मिरज) संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि लगेच १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बंदीने पिणे थांबले नाही, पण गाळण्याची कला लपून बसली. काळा गूळ, नवसागर, पिंपात आंबत ठेवलेले रसायन आणि पोलिसांच्या धाडीची घाई. अशा घाईत चव जपणार कोण? ‘पहिल्या धारेची’ हे विशेषण उरले ते फक्त कडकपणासाठी.

पुढे बंदी सैल झाली तोवर ऊसपट्ट्यात सहकारी कारखाने उभे होते. वसंतदादा पाटलांचा सांगलीचा कारखाना त्यांतलाच. साखर निघाल्यावर उरणाऱ्या मळीपासून मद्यार्क निघतो. उंच स्तंभांतून तो इतका शुद्ध केला जातो की त्यात ना माती उरते ना ऊस. म्हणूनच देशी दारूत संत्र्याचा स्वाद घालावा लागतो. भारतातल्या बहुतेक स्वस्त व्हिस्क्यांचा पायाही हाच मद्यार्क. युरोपीय संघ अशा पेयाला व्हिस्की म्हणू देत नाही.

गोव्याने वेगळी वाट धरली. तिथे काजूची बोंडे तुडवून काढलेला रस आंबवतात. पहिल्या उकळीत हलकी उर्राक मिळते, ती पुन्हा गाळली की फेणी. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवले.

महाराष्ट्राने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढायला अनुदान दिले आणि गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. तो विरोध योग्यच होता. शिवाय शुद्धीकरणाच्या त्याच स्तंभांतून ज्वारीचीही चव पुसली जाते. मोहफुलांवरचे जुने निर्बंध राज्याने उठवले ते मात्र २०२१ मध्ये.