ब्रिटनमधील स्थानिक संस्थांची कंत्राटे व मजुरीचा प्रश्न

ब्रिटनमधील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कंत्राटविषयक नियमांचा इतिहास बहुधा काटकसरीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः कंत्राट देणाऱ्या संस्थेने केवळ किंमत पाहावी की काम करणाऱ्याच्या मजुरीकडेही लक्ष द्यावे, हा वाद त्याच्या मुळाशी आहे.

लंडन कौंटी कौन्सिलने १८८९ मध्येच कंत्राटदारांवर रास्त मजुरीची अट घातली. १८९१ मध्ये कॉमन्स सभेने सरकारी कंत्राटांसाठी तशाच आशयाचा ठराव केला. तो पुढे सुधारला जाऊन १९८३ पर्यंत टिकला. १९३३ च्या कायद्याने कंत्राटांसंबंधी स्थायी नियम करणे संस्थांना बंधनकारक केले खरे. परंतु काम बाहेर द्यावे की आपल्या नोकरांकडून करवावे, हे त्यांच्याच इच्छेवर राहिले.

ही मुभा थॅचर सरकारने काढून घेतली. १९८० च्या कायद्याने बांधकाम व दुरुस्ती, तर १९८८ च्या कायद्याने कचरा उचलणे, इमारतींची साफसफाई, शाळांतील भोजन इत्यादी कामे स्पर्धात्मक निविदांच्या कक्षेत आणली. संस्थेच्या स्वतःच्या कामगारांनाही आता खाजगी ठेकेदारांशी स्पर्धा करावी लागे. शिवाय १९८८ च्या कायद्याच्या कलम १७ ने ठेकेदाराच्या नोकरांच्या सेवाशर्ती ही 'अव्यापारी' बाब ठरवून तिचा विचारच निषिद्ध केला.

याचा परिणाम नॉर्थ यॉर्कशायरमध्ये स्पष्ट दिसला. तेथे शाळांत जेवण करणाऱ्या व वाढणाऱ्या स्त्रियांचे काम पुरुष करीत असलेल्या काही कामांच्या तोडीचे असल्याचे मूल्यमापनात ठरले होते. तरीही निविदा जिंकण्यासाठी कौन्सिलने या स्त्रियांचे वेतन कमी केले. १९९५ मध्ये लॉर्ड्स सभेने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ही कपात समान वेतनाच्या कायद्याचा भंग ठरविली. एका कायद्याने स्वस्त निविदेची सक्ती करावी आणि दुसऱ्याने तिचा मार्ग बंद करावा, अशा कात्रीत ती संस्था सापडली होती. पण तिची झळ प्रथम स्त्रियांनाच बसली, हे विसरता येत नाही.

१९९९ च्या कायद्याने सक्तीच्या स्पर्धेऐवजी 'सर्वोत्तम मूल्य' हे तत्त्व आणले. जुनी सक्ती २ जानेवारी २००० पासून संपली. २००१ च्या आदेशाने कलम १७ चा निर्बंध काही अंशी शिथिल झाला, परंतु ते कलम रद्द झाले नाही. २४ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आलेल्या २०२३ च्या खरेदी-कायद्यानेही त्यातून सूट देण्याचा अधिकार मंत्र्यांकडे दिला, इतकेच.