फौज कोणाच्या हुकमाने येते?

दंगल पेटली की आपल्या मोहल्ल्यांतून पहिली मागणी येते, ‘मिलिटरी बोलवा.’ या मागणीत फौजेवरच्या विश्वासापेक्षा पोलिसांवरचा अविश्वास जास्त असतो. मे १९८४ मध्ये भिवंडीत हिंसाचार भडकला आणि ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत पसरला, तेव्हाही शेवटी लष्कर पाचारण करावे लागले. पण फौज रस्त्यावर उतरली म्हणजे आपोआप संरक्षण मिळते का? कायद्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

राज्यघटनेनुसार पोलीस आणि सुव्यवस्था राज्याचा विषय, तर फौज केंद्राची. राज्य सरकार फौजेची मदत मागू शकते, पण तिला पोलीस बनवू शकत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३० सांगत होते, की बेकायदा जमाव अन्य मार्गाने पांगत नसेल, तरच जागेवर हजर असलेला सर्वांत वरिष्ठ कार्यकारी दंडाधिकारी लष्कराला तो पांगवायला सांगेल, आणि लष्कर त्यासाठी कमीत कमी बळ वापरेल. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल, तर कलम १३१ नुसार लष्करी अधिकारी स्वतः कारवाई करू शकत होता. मात्र संपर्क होताच पुन्हा दंडाधिकाऱ्याचेच ऐकायचे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच चौकट कलम १४९ आणि १५० मध्ये आहे. नौपाड्यापासून जवळच, कोर्ट नाक्याला ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. जिल्हाधिकारी हेच जिल्हा दंडाधिकारी. म्हणजे फौजेच्या बंदुकीची किल्ली कायद्याने मुलकी टेबलावर ठेवली आहे.

ही अट का हवी, ते अमृतसरने दाखवले. कमीत कमी बळाचा नियम इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतही होता. तरीही १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरने इशारा न देता १,६५० फैरी झाडल्या. लष्करी कायदा अजून जाहीर झाला नव्हता, तरी मुलकी अधिकारी शहर लष्कराच्या हवाली करून बाजूला झाले होते. बागेत डायरला थांबवणारा दंडाधिकारी नव्हता.

मुंबईने या अटीची दुसरी बाजू दाखवली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. लष्कर शहरात होते, पण बराच काळ ते संचलनापुरतेच राहिले. लष्कराच्या परिणामकारक वापराचे आदेश द्यायला मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांनी मोलाचे चार दिवस घालवले, असा ठपका न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालात ठेवला. दंडाधिकारी उपलब्ध असलेल्या शहरात सैनिकाने आपल्या मनाने गोळी चालवायची नाही, हा नियम योग्यच आहे. पण मग हुकूम देणाऱ्याने गप्प बसायचे नाही, हाही त्याच नियमाचा अर्धा भाग आहे.

डायरला रोखणारी अट सैल करा, असे कोणी म्हणू नये. तिचा पहिला तडाखा दुबळ्यांनाच बसेल. आपली मागणी वेगळी हवी. फौज मागितली कोणी, कधी आणि तिला नेमका काय हुकूम दिला, याची लेखी नोंद प्रत्येक दंगलीनंतर लोकांसमोर आली पाहिजे. अमृतसरमध्ये मुलकी सत्ता बाजूला झाली होती, मुंबईत ती गप्प राहिली. दोन्ही वेळा जाब तिलाच विचारायला हवा होता.