पंखासारखा उचललेला खवाटा

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. या जिल्ह्यातून हंगाम आला की हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घराबाहेर पडतात. कोयता हाताने चालवावयाचा आणि मोळी डोक्यावर वाहावयाची. परंतु या दोन्ही श्रमांचा खरा आधार पाठीवरील खवाटाच होय. तो जागचा सुटला, की हात डोक्यावर जात नाही आणि संसाराचा गाडा अडतो.

खवाटा बरगड्यांशी हाडाने जोडलेला नसतो. स्नायूच त्यास पाठीशी धरून ठेवतात. त्यांपैकी एका दातेरी स्नायूस मानेतून उतरणारा लांब मज्जातंतू चालना देतो. चार्ल्स बेल या विख्यात शल्यवैद्याच्या नावाने तो ओळखला जातो. खांद्यावरील जड ओझे, आघात किंवा आजार यांमुळे तो दुखावला म्हणजे खवाट्याची आतली कड पंखासारखी बाहेर येते. वेल्पो या फ्रेंच शल्यवैद्याने १८३७ साली या विकाराचे वर्णन केले.

पुढे उपायाची कल्पना निघाली ती उसनवारीची. ही कल्पना महाराष्ट्रास अपरिचित नव्हती. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याने इंग्रजांच्या चाकरीतील कावसजी नामक मराठी गाडीवानाचे नाक कापले होते. पुण्याजवळ एका देशी शस्त्रवैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक घडविले, आणि ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. कातडीचे एक टोक मूळ जागी जोडलेले राहिले, म्हणूनच ती जगली.

खवाट्याच्या शस्त्रक्रियेतही तत्त्व असेच आहे. १९०४ साली इंग्लंडमध्ये टबी याने छातीच्या मोठ्या स्नायूचा काही भाग सोडवून लुळ्या स्नायूस जोडला. १९६३ साली मार्मर व बेक्टॉल या अमेरिकन वैद्यांनी तोच स्नायू मांडीतील चिवट पडद्याच्या पट्टीने लांबवून थेट खवाट्याच्या खालच्या टोकास बांधला. स्नायूचे दुसरे टोक, रक्तवाहिन्या व मज्जातंतू अबाधित राहतात. म्हणून तो नव्या जागी काम करू शकतो.

मात्र दोष मानेपासून पाठीवर पसरलेल्या मोठ्या स्नायूत असेल, तर हा उपाय चालत नाही. तेथे १९२४ साली एडन याने सुचविलेली व पुढे लांगे याने सुधारलेली पद्धत योजतात. तीत खवाट्याच्या कडेचे तीन लहान स्नायू बाहेरच्या बाजूस सरकवितात. अनुवंशिक रोगाने स्नायूच झिजले असतील, तर खवाटा बरगड्यांशी कायमचा सांधतात. त्याने स्थैर्य लाभते. काही हालचाल मात्र गमवावी लागते.

तथापि या इतिहासाची मोठी शिकवण धीराची आहे. दुखावलेला तंतू पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप सावरतो. तोवर व्यायाम व विसावा हेच औषध. कोणता तंतू दुखावला हे आधी ओळखावे आणि मगच शस्त्र हाती घ्यावे. ज्याची भाकरी खांद्यावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत ही दक्षता अधिकच अगत्याची होय.